बीगल, पॉइंटर आणि सदतिसावा प्रश्न

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या चष्म्याची एक काडी शाबूत होती आणि दुसरीवर दातांच्या खुणा होत्या.

"कुणी चावला?" चष्मेवालीने हसू दाबत विचारलं.

"विद्यार्थ्याने," तो गंभीरपणे म्हणाला. "वर्गात लक्षच नसतं त्याचं."

तो कुत्र्यांना शिकवायचा. शहराबाहेर त्याची कुत्र्यांची शाळा होती, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणायचे. तिने त्याला खुर्चीत बसवलं आणि डोळ्यांसमोर भिंगं सरकवत नेहमीचा प्रश्न विचारला, "हे स्पष्ट दिसतंय... की हे?" लोकांना दोनातलं एक निवडायला लावणं हाच तिचा धंदा. स्वतः मात्र सकाळी कोणती चप्पल घालावी यावर अर्धा तास अडून बसायची.

"दोन्हींत तुम्हीच दिसताय," मास्तर बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला.

"अक्षरं वाचायचीत, मला नाही!"

काडी बदलून होईपर्यंत तिने मनातलं सांगून टाकलं. बाबांना शिकारी कुत्रा हवा होता. बाबा निवृत्त बसचालक. आई गेल्यापासून, म्हणजे दोन वर्षं, ते खिडकीजवळून उठलेच नव्हते. माशीखेरीज त्यांनी आयुष्यात कशाची शिकार केली नव्हती, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी काहीतरी मागितलं होतं. तिचा जीव त्या एका मागणीत अडकला होता.

"माझ्याकडे दोन आहेत," मास्तर म्हणाला. "एक बीगल, एक पॉइंटर. पण घर बघितल्याशिवाय मी कुत्रा देत नाही. छापील प्रश्न असतात. खरी उत्तरं द्यायची."

रविवारी तो दोघांना घेऊन आला. पॉइंटर उंच, सडपातळ, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांचा. खिडकीबाहेर कबुतर दिसताच एक पाय उचलून जागच्या जागी थिजला तो. बीगल बुटका, लोंबत्या कानांचा. त्याने नाक जमिनीला लावून सगळं घर पालथं घातलं आणि शेवटी बाबांच्या खिशातलं बिस्किट हुडकून काढलं. बाबा खदखदून हसले. ते ऐकून चष्मेवाली ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून धावत आली. हे हसू या घरात कधी होतं, हेच ती विसरून गेली होती.

मास्तरने अर्ज काढला. सकाळी पहिलं कोण उठतं? फाटक नीट लागतं का? रोज चालणं किती?

"गुडघे म्हणतील तेवढं," बाबा म्हणाले.

एवढ्यावर खरं तर निकाल लागायला हवा होता. पण चष्मेवालीने बीगलचं नाव काढलं, की मास्तर मान हलवायचा.

"हट्टी असतो हं. वास लागला की कान बंद. आणि गळा काढला तर शेजारी भांडायला येतील."

"मग पॉइंटर?"

"त्याला रोज दोन तास पळवावं लागतं... घाई नको. पुढच्या रविवारी बघू."

पुढचा रविवार आला. त्याच्या पुढचाही. चष्मेवाली आता शनिवारीच कपडे इस्त्री करून ठेवू लागली. मास्तरला शंका सुचली नाही, तर तिला सुचायची. कुत्रा ठरला की त्याचं येणं संपणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिचं काही केल्या ठरत नव्हतं. मास्तरचे प्रश्नही हळूहळू वळणं घेऊ लागले होते.

"घरातली मुलगी रागावली की काय करते?"

"हे कुत्र्याला कशाला हवं?"

"त्याला... जरा बेतानं राहता यावं म्हणून."

"भांडी घासते. दणादणा."

मास्तरने ते काळजीपूर्वक लिहून घेतलं.

सहाव्या रविवारी मास्तर एकटाच आला. चेहरा उतरलेला होता. "बीगलला दुसरं घर सांगून आलंय," तो म्हणाला. "ते लोक संध्याकाळी न्यायला येतायत. आज... ठरवायलाच हवं."

बाबांनी खुर्ची पुन्हा खिडकीकडे वळवली. आपल्या रविवारांपायी आपण बाबांच्या सुखाशी खेळलो, हे चष्मेवालीला त्या क्षणी लख्ख कळलं.

"मास्तर, खरं सांगा. या घराला कोणता?"

"बीगल," तो क्षणात म्हणाला. "पहिल्याच दिवशी कळलं होतं मला. ते बिस्किट सापडलं तेव्हाच."

"आणि हे आज सांगताय?"

बाबांनी हात लांबवून मास्तरकडचा अर्ज घेतला, चष्मा नाकावर चढवला. "छापील प्रश्न वीस," ते सावकाश म्हणाले. "पुढचे सतरा पेनाने लिहिलेत. हा सदतिसावा... घरातल्या मुलीला पहाटे कुणाच्या सोबतीने फिरायला आवडेल का? ठमे, बीगलला याच्याशी काय देणंघेणं गं?"

मास्तरने खाली बघितलं. "एरवी पाच मिनिटांत ठरवतो मी. पण ठरवलं असतं तर पुढच्या रविवारी यायला कारण उरलं नसतं. माझ्या लोभापायी बाबांचा कुत्रा जात होता... चुकलं माझं."

चष्मेवालीला रागवायचं होतं, पण कुठल्या तोंडाने रागावणार? "मलाही पहिल्याच दिवशी कळलं होतं," ती हळूच म्हणाली. "बाबा हसले तेव्हा. मीसुद्धा... मुद्दाम."

"वा रे वा! म्हणजे तुमच्या दोघांच्या खेळात सहा रविवार मी लोंबकळत!" बाबा कडाडले. "निघा आधी! संध्याकाळच्या आत माझा कुत्रा इथे पाहिजे."

मास्तरच्या जुन्या जीपमधून दोघं शाळेत गेले. त्याने त्या लोकांना फोन करून माफी मागितली, चार गोष्टी ऐकून घेतल्या. परतताना बीगल तिच्या मांडीवर होता.

"आता माझं काम संपलं," घराच्या वळणावर तो म्हणाला. आवाज अगदी खाली गेला होता.

"बरं झालं संपलं. आता बिनकामाचे येत जा." तिने एक श्वास घेतला. "मला तुम्ही आवडता, मास्तर. हे आता पुढच्या रविवारवर नाही ढकलायचं मला."

जीप एक गचका खाऊन बंद पडली. ती पुन्हा चालू करायचं सोडून मास्तरने तिचा हात हातात घेतला... आणि तिनेही तो काढून घेतला नाही.

तेवढ्यात कुणीतरी बोनेटवर थाप मारली. दोघं दचकले. समोर बाबा उभे होते. तीन जिने उतरून, फाटक ओलांडून, दुखरे गुडघे घेऊन भर रस्त्यात आलेले. चष्मेवालीचे डोळे भरून आले.

"हात मागाहून धरा रे," बाबांनी दोन्ही हात पुढे केले. "आधी माझा कुत्रा द्या!"