दोरांची वेणी

उलोरिआकच्या म्हाताऱ्या कुत्रीचे ते शेवटचे वेत. यंदाच्या स्लेजच्या, म्हणजे कुत्र्यांनी ओढायच्या बर्फगाड्यांच्या, शर्यतीत जो पहिला येईल, त्याने त्यातले हवे ते पिल्लू उचलायचे, असे उलोरिआकने सांगून टाकले होते. आविआजाला ते पिल्लू हवेच होते. तिचा पुढारी कुत्रा केर्नेर थकत चालला होता, आणि वाट काढणारा पुढारी नसेल तर बाकीची कुत्री म्हणजे नुसती भुंकणारी गर्दी. मग कुठली शिकार आणि कुठले मासे!

गोठलेल्या खाडीवर सगळे जमले होते. दक्षिणेकडचे पाहुणेही होते, लालभडक जाकिटांत. त्यातल्या एकाने विचारले, लगाम कुठाय? आविआजाने त्याच्याकडे वळूनही पाहिले नाही. लगाम नसतो. हाक असते, आणि शेजारच्या बर्फावर फटकारायचा चाबूक. कुत्री पंख्याच्या काड्यांसारखी पसरून धावतात, प्रत्येकाचा दोर वेगळा. बघायला आलेल्याने बाजूला उभे राहावे आणि खाणे खिशात ठेवावे, एवढी अक्कल पुरते. लाल जाकिटाला तेवढीही नव्हती. त्याचे सँडविच केर्नेरने कागदासकट गिळले.

तिचा चुलतभाऊ इनुतेक आपल्या स्लेजवर आरामात बसला होता. "बाळ आजीकडे ठेवलंस ते बरं केलंस, पोरी," तो म्हणाला. "इथं रडायला तू एकटी पुरेशी आहेस."

"तुझी शर्यत माझ्याशी नाहीच, दादा. बर्फ वितळायच्या आत पोचलास तरी खूप."

चाबूक कडाडला. सुटले!

बेटाला वळसा घालेपर्यंत ती सगळ्यांच्या पुढे होती. धावताना कुत्री एकमेकांवरून उड्या मारून जागा बदलतात, आणि त्यांच्या दोरांची हळूहळू वेणी होत जाते. ती सोडवायची तर थांबावे लागते, हातमोजे काढावे लागतात, आणि उघड्या बोटांनी गोठलेला एकेक पीळ उलगडावा लागतो. इनुतेक दर थोड्या वेळाने थांबून हे करत होता. मागे वळून त्याला वाकलेला पाहिला की आविआजाला हसू येई. म्हातारीने नातीचे केस विंचरावेत, तसे चालले होते त्याचे! तिने एकदाही थांबायचे नाव घेतले नाही. वेणी मनगटाएवढी जाड झाली, कुत्री खांद्याला खांदा घासत धावू लागली, तरी नाही.

बेटापलीकडे सामुद्रधुनी होती. तिथे खालून प्रवाह वाहतो, बर्फ पातळ आणि काळपट असतो. गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, की अशा बर्फावर भार पसरून जायचे. कुत्र्यांचा पंखा असतो तो त्यासाठीच. केर्नेर काठाशी थबकला. मान वळवून त्याने तिच्याकडे पाहिले. आविआजाने वेणीकडे पाहिले, मग मागे पाहिले. इनुतेक जवळ येत होता.

तिने चाबूक फटकारला.

केर्नेर गेला. त्याच्यामागे सगळी गेली, एका गोळ्यात. कडाड! बर्फ खचला! केर्नेर पाण्यात, त्याच्या शेजारची पाण्यात, मागची मागे सरायला बघताहेत, वेणी त्यांना पुढे ओढतेय! आविआजाने स्लेज आडवी पाडली, वाळूत रुतावी तशी ती काठाच्या बर्फात रुतली. ती स्वतः पोटावर पडून सरपटत गेली. सुरी कमरेला होती, पण वेणी कापली तर कुत्री प्रवाहाबरोबर बर्फाखाली जाणार. तिने दोर धरून ओढला. तसूभरही हलला नाही. केर्नेरचे नाक तेवढे वर होते, आणि त्याचे डोळे तिच्यावरच होते. तापात बाळ बघते तसे.

इनुतेकची स्लेज मागे थांबली. बाजूने पुढे मोकळी वाट होती. त्याने तिकडे नजरही टाकली नाही. त्याने आपली कुत्री वळवली आणि स्लेजचा दोर तिच्या स्लेजच्या मागच्या टोकाला बांधला.

"ऊठ तिथून," तो म्हणाला. "तुझं वजन तरी कमी होऊ दे."

त्याने हाक दिली. त्याची कुत्री मोकळ्या दोरांवर रुंद पसरली आणि वाकून ओढू लागली. स्लेज मागे सरकली. एक कुत्रा वर आला, दुसरा, तिसरा! सगळ्यात शेवटी केर्नेर. तो कोरड्या बर्फात लोळला, अंग झटकले, आणि तिच्या तोंडावर शिंकला.

तेवढ्यात हान्सेराक आला. दुकानात साखर तोलणारा, स्लेजवर पोत्यासारखा बसणारा हान्सेराक! मदत हवी का, असे त्याने लांबूनच विचारले. दोघांनी एकाच वेळी नाही म्हटले. तो काठाकाठाने, लांबच्या वाटेने निवांत निघून गेला.

"हा जिंकणार," आविआजा म्हणाली.

"बसलाय बघ कसा," इनुतेक म्हणाला, आणि हातमोजे काढून तिच्या वेणीचा पहिला पीळ सोडवू लागला.

ती दोघे गावात पोचली तेव्हा हान्सेराकने निवड केली होती. सगळ्यात लठ्ठ, सगळ्यात झुबकेदार शेपटीचे पिल्लू कडेवर घेऊन तो लाल जाकिटांसमोर उभा होता. इनुतेक थुंकला. ते पिल्लू ताटलीत पाय घालून जेवणाऱ्यांपैकी होते. ताटलीवरची मारामारी लांबून बघत बसलेली, काटकुळी करडी मादी, पुढारी होण्याजोगी, तशीच उरली होती. उरलेली कुणीही न्या, म्हणून उलोरिआक कॉफी प्यायला निघूनही गेला होता.

तिच्यावर इनुतेकचीही नजर होती, हे आविआजाला ठाऊक होते. त्याने ती उचलली, पंजे तपासले, आणि आविआजाच्या सुजलेल्या बोटांत ठेवली.

"ने. पण आधी दोर सोडवायला शीक."

आविआजाने पिल्लू अंगरख्यात, एरवी बाळाला ठेवायच्या जागी सरकवले.

"शिकेन," ती म्हणाली. "तू जरा पळायला शीक."