तिसरी हाक

मोबाईल ठेव खाली, संस्कृती. आन् दार लोटून घे. हां.

काम साधंच हुतं. उसाला पाणी द्यायचं. रामहरी आन् त्याची बायकू तुळसा, दोघं जेवणखाण उरकून पणदऱ्याच्या मळ्यात गेली. गेल्या सालची मार्गशीर्षातली अवस. मळ्याची लाईट तवा रातचीच यायची. रामहरीचं रान माझ्या बांधाला लागून, म्हणून मला ठावं.

त्याला कैक वर्षं ऐकू कमी यायचं. तुळसा म्हनायची, "मालकाला शिव्या दिल्या तरी हसत्यात. लई ग्वाड संसार हाय आमचा!" शेवटी सून स्वरूपानं बारामतीला न्हेऊन त्याच्या कानात मशीन बसवलं. डाक्टर म्हनला, "तात्या, कान म्हणजे नुसतं दार. ऐकतो तो मेंदू. वय झालं, त्यात इतकी वर्षं आवाज आत गेलाच नाही. आवाजातनं आवाज निवडायची त्याची सवय मोडलीय. गलक्यात माणसाचं बोलणं लगेच उमगायचं नाही."

तसंच झालं. भांडी, पाखरं, मोटार, माणूस... सगळं एकाच पोत्यात वतल्यावानी.

त्या राती रामहरी मोटारीपाशी बसला. तुळसा शेततळ्यात पाणी किती उरलंय ते बघाया गेली. मोटार घरघरत हुती. वाऱ्यानं ऊस सळसळत हुता. त्यातनं हाक आली.

"अवोऽऽ..."

आता रातच्याला शिवारात हाक आली तर काय करायचं, सांग बरं?

"तीन हाका झाल्याबिगर ओ द्यायची न्हाय, आबा. माणूस असंल तर तीनदा हाक मारतं. आन् ते... ते एकदाच मारतं."

व्हय. रामहरी गप बसला. दुसरीची वाट बघत. दुसरी आलीच न्हाय. त्यानं तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं. जागचा हालला न्हाय.

पहाटं लाईट गेली. मोटार थांबली. सगळं शांत झालं, तवा त्याच्या ध्यानात आलं. तुळसा परत आलीच नव्हती.

शेततळ्याला अंथरल्याला प्लास्टिकचा कागद लई निसरडा. आत पडलेलं माणूस आपलं आपण वर येत न्हाय. वरनं कुणीतरी दोर टाकावा लागतो.

पलीकडच्या वस्तीवरची कुशाबाई तेराव्याला म्हनली, "मला वाटलं, नवरा-बायकू भांडत्यात. लई येळ हाका मारत हुती वो ती."

लई येळ...

पोरानं तळं उपसलं. कागद फाडून काढला. रामहरीनं मशीन परत कानात घातलं न्हाय.

तरीबी त्याला ऐकू यायचं. रोज राती. एक हाक. लख्ख. स्वरूपानं पुन्ना डाक्टरला दावलं. तो म्हनला, "बाहेरून आवाज येईनासा झाला, की मेंदू कधीकधी जुने आवाज स्वतःच वाजवतो. भूतबित काही नाही."

असंल बाबा. शिकलेलं माणूस.

पर रामहरी मला म्हनायचा, "एकच मारती रं. तिसरी मारू दे, लगीच ओ दीन."

औंदा चैतातली अवस. स्वरूपा जागी हुती. सासरा झोपंतनं उठून बसला. तोंड दाराकडं. त्यानं एक बोट दुमडलं.

घरात चिटपाखरू बोलत नव्हतं.

दुसरं बोट.

लई येळ गेला...

तिसरं.

"ओ! आलो! आलो गं!"

आन् आडवा झाला. त्यो झालाच.

सकाळी मयताला अंघोळ मी घातली. पाणी वतायच्या आदी अंग बघितलं. कोरडं. अंथरूण कोरडं. तळं तर कवाच भेगाळल्यालं.

डाव्या कानात काय तरी दिसलं. बोटानं वढलं...

शेवाळ. हिरवंगार. वलं.