धबधब्यामागचा चकवा

बंद कर तो मोबाईल, मयुरी. धबधबा पाहून राह्यली न? उद्या पाह्य. आज पोळ्याची अमावस्या हाये, लाईन गेलेली हाये, अन हा पाण्याचा गडगडाट मले आता ऐकवत नाही. काऊन, ते सांगतो. गणेश, तूही सरक इकडं.

नांदुऱ्याचे सुधाकरकाका तुमाले माहीत हायेत. तहसीलीत तो अन मी एकाच ऑफिसात, सारी नोकरी. त्याचा पोरगा विहंग नॉर्वेत असते. मागच्या साली जूनमधे सुधाकर अन प्रेमलावहिनी त्याच्याकडं गेले. पोरानं अन सुनेनं, स्वरदानं, त्यायले एक धबधबा दाखवाले नेलं. नाव मले घेता येत नाही. पण सुधाकर सांगे, एवढ्या उंचावरून पाणी पडते की खाली येईपर्यंत त्याचा धूर होते. डोंगराच्या पोटात लिफ्ट. लिफ्टमधून उतरलं की खडकात कोरलेला बोगदा, पार पाण्याच्या पाठीमागं जाणारा. मधे मधे खिडक्या. आपण कोरडे, अन हात लांबवला तं अख्खी नदी समोरून कोसळून राह्यली! सुधाकर तं लहान पोरासारखा खूश झाला होता म्हणे.

फोटो काढले, खाली आले, चहा घ्याले बसले. तं वहिनी म्हणे, "अहो, माझा चष्मा शेवटच्या खिडकीतच राहिला."

विहंग उठला. सुधाकर म्हणे, "बस तू. सरळ तं रस्ता हाये. मी आणतो."

सरळच होता. एक लिफ्ट, एक वाट, टोकाले एक खिडकी. चुकाले जागाच नव्हती.

गंजलेल्या कठड्यावर चष्मा भेटला. खिशात टाकला अन वळला. एक खिडकी गेली, दुसरी गेली. आता लिफ्ट याले पाह्यजे... तं समोर शेवटचीच खिडकी. तोच गंजलेला कठडा.

"मी मागं वळलो नाही रे," सुधाकर मले सांगे. "एकदाही नाही."

तो उलटा निघाला. भिंतीले हात लावून चालला. पुन्हा तीच खिडकी.

काय म्हणतो, गणेश? हाव बे, चकवाच. आपल्या शेतात लागते तोच. माणूस बांधाबांधानं फिरत राह्यते, गावातला दिवा दिसते, पण पाय काही पोचत नाही. पण लेका, शेताले आभाळ तरी असते. कोंबडं आरवते, उजाडते. तिथं डोक्यावर डोंगर अन समोर पाणी. उजाडणार कुठून?

सुधाकर पळाला. पळून पळून पुन्हा तिथंच. तेवढ्यात भिंतीवरून बॅटरीचा उजेड सरकत आला. त्याच्या अंगावरून गेला. उजेड होता... मागं माणूस नव्हता. सुधाकर जीव खाऊन ओरडला. स्वतःचा आवाज त्याले स्वतःले ऐकू आला नाही.

मंग त्याले वडिलांचं बोलणं आठवलं. चकवा लागला तं चालू नको, आहे तिथं बस, आपोआप सुटते. तो बसला. पाठ भिंतीले, डोळे मिटलेले.

कोणीतरी बाजूले येऊन बसलं.

सुधाकरनं डोळे उघडले नाही. ओलं अंग भिंतीले टेकल्याचं तेवढं समजलं. खांद्याले गारठा लागला. अन त्या एवढ्या गडगडाटात, कानाशी, हळूच...

"चकवा लागला काय जी?"

हाव, मयुरी. आपल्याच बोलीत.

"बसा. बसल्यावर सुटते म्हंतात."

...

"मीबी बसलो."

...

"तवापासून बसूनच हावो."

बाजूचा गारठा खांद्यावरून छातीत उतरून राह्यला होता.

"तुमाले घ्याले कोनी येईन काय जी?"

सुधाकरनं डोळे आणखी घट्ट मिटले.

"मले कोनी नाही आलं."

बस. मंग नुसतं पाणी. किती वेळ... त्याले सांगता येत नाही.

"अहो!"

डोळे उघडले. समोर लिफ्टचं उघडं दार, उजेड, अन दारात वहिनी. त्याच्यापासून हातभर. "इथं दारात काय बसलात? आम्ही किती शोधलं!"

सुधाकर उठला. आता पाहा, पोरांनो, सुधाकर हा भला माणूस. बाजूले बसलेल्याले तसंच टाकून तो आयुष्यात कुठून उठला नसंल. तोंडातून सवयीनं निघून गेलं.

"चला."

लिफ्ट खाली निघाली तशी वहिनी म्हणे, "चला कोणाला म्हणालात?"

त्यानं खिशातला चष्मा काढून तिच्या हातात ठेवला. खाली विहंग रडकुंडीले आला होता. तिथल्या माणसाले घेऊन, बॅटरी घेऊन, तो बोगद्याच्या टोकापर्यंत जाऊन आला होता. बोगदा रिकामा होता म्हणे.

हे सारं सुधाकरनं मले यंदा मे महिन्यात सांगतलं. मी नांदुऱ्याले गेलो होतो. भर दुपार, रस्त्यावर कुत्रं नाही, नळाले कितीक दिवस पाणी नाही. सुधाकर ओट्यावर भिंतीले पाठ लावून बसलेला. ऊन थेट अंगावर. मी त्याच्या बाजूले बसाले वाकलो.

"तिथं नको," तो म्हणे. "इकडून बस."

पण मी हात टेकवला होता.

साऱ्या ओट्याची फरशी तव्यासारखी तापलेली. अन माह्या हाताखाली... ओल. बर्फासारखी. माणूस मांडी घालून बसंल तेवढी. तशीच वर भिंतीवर, पाठीएवढी... अन त्याच्या वर, डोकं टेकते तिथं, एक गोल.

मी संध्याकाळच्या गाडीले निघालो. तोपर्यंत ऊन तिथंच होतं.

ओल वाळली नव्हती.