पाय धरायला आलेला माणूस

बसा रे. पण राजू, तो मोबाईल आधी पालथा घाल. तुझ्या त्या रीलच्या उजेडात गोष्ट सांगायची म्हणजे ट्यूबलाइटखाली झोपण्यासारखं आहे.

आता हे काही मी कुठं वाचलेलं नाही. आपल्या कॅम्प चारमधलं आहे. माझ्या वरच्या खोलीत तो साईनाथ राहायचा ना, वांगणीकडचा, उंच, खांदे पाडून चालणारा? त्याच्यावर गुदरलेलं. गुरांचा डॉक्टर होता तो. म्हणजे, मेलेल्या गुरांचा. हसू नका. डॉक्टर झाल्यावर वर आणखी काही वर्षं रेसिडेन्सी करत होता, मुंबईच्या कॉलेजात. मेलेलं जनावर उघडायचं, आतलं एकेक बघायचं आणि कशानं मेलं ते सांगायचं, हेच शिक्षण. मी त्याला म्हणायचो, बाबा रे, बाकीच्या डॉक्टरांना पेशंट निदान कण्हून तरी दाखवतो, तुझा काय सांगणार? तर तो म्हणायचा, काका, मेलेलं जनावर खोटं बोलत नाही. बघणाऱ्याला दिसलं पाहिजे.

तर गेल्या साली मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. दुसऱ्या दिवशी अमावास्या. घरोघरी घट मांडलेले, आमच्याकडं पुरणपोळ्या. दिवेलागणीला मी त्याला जेवायला हाक मारायला वर गेलो, तर हा गमबूट पिशवीत कोंबतोय. रंजना मॅडमचा फोन आला होता म्हणे. ह्या रंजना मॅडम म्हणजे त्याच्या कॉलेजातल्या सीनियर, बदलापूरच्या बाजूला गुरांचा सरकारी दवाखाना बघतात. त्यांचा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून काम ह्याच्या गळ्यात आलं.

काम साधंच होतं. बारवीच्या रस्त्याला आत एक वाडी आहे. तिथल्या राहीची म्हैस दुपारी उभ्या उभ्या कोसळून मेली होती. राहीचा नवरा धाकलू. तोही नुकताच गेलेला, तेरावं होऊन आठवडासुद्धा झाला नव्हता. चार दिवस ताप काय आला आणि धडधाकट गडी गेला. त्याचा धाकटा भाऊ संदीप, अंबरनाथच्या एमआयडीसीत टेम्पो चालवतो. भावावर जीव टाकायचा. त्याच्या डोक्यात एकच बसलं होतं, की वहिनीनं जेवणातून काहीतरी घातलं. आणि आता म्हैस मेल्यावर तर काय, सुतावरून स्वर्ग! म्हणाला, हिच्याच हातात विष आहे. उद्या सकाळी पहिल्या गाडीनं हिला माहेरी पोचवतो. पोरगी मात्र आमच्या घरची आहे, ती इथंच राहील.

पोरगी म्हणजे रविना. पहिलीतली.

राहीनं रंजना मॅडमला फोनवर रडत सांगितलं होतं, म्हशीचं पोट फाडा, आत विष आहे का बघा आणि काय असेल ते भावजींच्या तोंडावर सांगा. सकाळच्या आत. नाहीतर माझी पोर गेली.

आता ह्या धंद्याचे दोन नियम आहेत, साईनाथनंच मला सांगितलेले. एक, रात्री जनावर उघडायचं नाही. दिव्याच्या उजेडात आतले रंग खरे दिसत नाहीत. दुसरा, अचानक मेलेल्या जनावराला सुरी लावण्याआधी कान टोचायचा, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि तो लेन्सखाली, म्हणजे मायक्रोस्कोपखाली, बघायचा. कारण फाशी नावाचा एक रोग असतो गुरांचा, इंग्रजीत अँथ्रॅक्स. त्यात मेलेलं जनावर उघडायचंच नसतं. उघडलं की त्याचं विषारी बी मातीत पडतं, वर्षानुवर्षं मरत नाही, आणि उघडणाराही त्यातच जातो.

मॅडमनी फोनवर बजावलं होतं, आधी कान. हा हो म्हणाला होता. पण लेन्स मुंबईला, आणि बाई सकाळी गाडीत बसणार. मग हा दिवटा स्वतःशीच म्हणाला, फाशी असती तर नाकातोंडातून रक्त आलं असतं, ते दिसेलच की. अति घाई संकटात नेई, हे घाटात बोर्डावर वाचायचं असतं फक्त!

मी म्हटलं, उद्या अमावास्या आहे. तो म्हणाला, म्हणून तर आज जातो. आणि बाइक काढली.

वाडीत पोचला तेव्हा माणसं जेवून दारं लावत होती. म्हैस घरापासून लांब, कापणी झालेल्या भाताच्या खाचरात पडलेली. राहीनं तिला धुतलं होतं. आपल्यात करतात ना, गोठ्यातलं जनावर गेलं की पाणी घालून, तोंड पुसून, कपाळाला हळद-कुंकू लावतात, तसं. साईनाथनं बॅटरी मारून नाक बघितलं. स्वच्छ. तोंड बघितलं. स्वच्छ. त्याला हायसं वाटलं.

अरे, पुसल्यावर स्वच्छ दिसणारच ना? पण हे त्याला तेव्हा सुचलं नाही. गावात वाढलेला पोर, आणि सुचलं नाही.

संदीपनं लांबूनच जागा दाखवली होती. तो राहीला आणि पोरीला घेऊन घराकडं गेला. लागलं तर हाक मारा म्हणाला. राहिला साईनाथ एकटा. एप्रन चढवला, हातमोज्यांवर हातमोजे घातले, कपाळाला दिव्याचा पट्टा बांधला. तो दिवा म्हणजे ताटाएवढा उजेड, त्याच्या बाहेर काळोख. वारा नव्हता. रातकिडे तेवढे किरकिरत होते.

मोठं जनावर उघडायचं तर आधी वरचा मागचा पाय कुणीतरी उचलून धरावा लागतो. मग जांघेत सुरी घालून पाय मोकळा करायचा, तिथून पोट. एकट्याचं काम नाही ते. त्यानं घराच्या दिशेनं हाक दिली, पाय धरायला या म्हणून. आणि खाली वाकून सुरी परजायला लागला.

थोड्या वेळानं कापलेल्या भाताच्या धसांवर पावलं वाजली. कुणीतरी म्हशीच्या पलीकडं येऊन उभं राहिलं. उजेडात फक्त पाय दिसत होते. अनवाणी. साईनाथनं मान वर केली नाही. ह्या लोकांची खोडच असते ती. नजर कामावर, माणूस कोण ते नंतर.

"मागचा पाय," तो म्हणाला. "वर घ्या. अजून वर."

पाय वर गेला.

म्हशीचा मागचा पाय म्हणजे चेष्टा नाही. दोन गडी लागतात आणि दोघांनाही घाम फुटतो. इथं एकच होता. आणि पाय जरासुद्धा हलत नव्हता. त्यात तो पाय लुळा. दुपारी मेलेलं जनावर रात्रीपर्यंत ताठायला हवं, फाशीचंच तेवढं ताठत नाही, हे तर पहिल्या वर्षाला शिकवतात. साईनाथच्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं. तो खूश होऊन म्हणाला, असंच धरा दादा, छान.

रातकिडे थांबले होते.

कधी थांबले, त्याला कळलं नव्हतं. त्यानं जांघेतली कातडी ताणली. सुरी टेकवली. आता एकदा दाबायची, की झालं…

आणि धरणाऱ्याचा हात खाली सरकला. उजेडात आला.

उजवा हात. अंगठ्याच्या मुळाशी डाग होता. रुपयाएवढा. काळा कुळकुळीत, मधे खोल गेलेला. भोवती सुजेचं कडं. कड्यावर बारीक फोड.

साईनाथचं शिक्षणच ते. माणूस दिसायच्या आधी जखम दिसली. आणि जखमेचं नाव त्याच्या डोक्यात आपोआप आलं. फाशी झालेलं जनावर सोललं की माणसाच्या हाताला हेच होतं. काळपुळी म्हणतात. पुस्तकातलं चित्र तसंच्या तसं समोर.

सुरी तिथंच थांबली.

"दादा… हे दुखतं का?"

…

"कधीपासून आहे?"

…

पाय हलला नाही. श्वास नाही. धाप नाही. काहीच नाही.

त्यानं मान वर केली. कपाळावरचा उजेड वर गेला. मनगट. कोपर. खांदा. उघडी छाती, तिच्यावर वाळलेला अबीर.

हनुवटी.

ओठांवर तुळशीचं पान.

दोन्ही नाकपुड्यांत कापूस.

…

तो पळाला. सुरी तिथं, पिशवी तिथं. धसांत दोनदा पडला. घराच्या पायरीशी संदीप उभा होता, तो याच्याकडं बघतच राहिला. पाय धरायला कुणाला पाठवलं, एवढंच साईनाथनं विचारलं.

संदीप म्हणाला, "कोणाला नाय. तुमी हाक मारलीत कुठं? मी कवापास्नं कान देऊन उभा हाय."

साईनाथ दारात आलेल्या राहीकडं वळून म्हणाला, "ताई, तुमच्या यजमानांच्या हाताला काही झालं होतं का?"

राहीनं आपल्या उजव्या अंगठ्याचं मूळ दाखवलं. "हितं. काळं झालं होतं. दुखत नाय म्हणाले, म्हणून दवाखान्यात गेले नाय. आधीची म्हैस मेली, ती यांनी सोलली. त्याच्यानंतर आलं."

संदीपच्या तोंडचं पाणी पळालं. त्या हाताला फडकं त्यानंच बांधलं होतं. स्वतःच्या हातानं. आणि विसरला होता.

साईनाथनं खाचरात काय दिसलं ते सांगितलं आणि सगळं समजावलं. विष कुणी घातलं नाही. आधीच्या म्हशीत रोग होता, तो सोलणाऱ्याला लागला, त्याच गोठ्यातल्या दुसऱ्या म्हशीलाही लागला. तिचं नाक पुसताना रक्त होतं का, विचारलं. राही म्हणाली, होतं, काळं, न गोठलेलं. ती पडली तेव्हा लागलं असंल वाटलं. संदीप भिंतीला टेकून ऐकत होता. रविना आईच्या मांडीवर झोपली होती. तिच्या डोक्याकडं तो बघत बसला, पार उजाडेपर्यंत.

उजाडल्यावर वाडीतली माणसं कुदळी आणि चुन्याची पोती घेऊन खाचरात गेली. लांबूनच सगळे थांबले.

म्हैस तशीच पडली होती. मान लुळी. तीन पाय लुळे, धसांवर पसरलेले. चौथा पाय वर. सरळ आभाळाकडं. खाली आधार नाही, दोरी नाही, काही नाही.

आता मात्र साईनाथनं नियमानं केलं. कान टोचला, काचेवर थेंब घेतला. तो पुढं मुंबईला लेन्सखाली बघितला, फाशीच निघाली, वाडीतल्या सगळ्यांना औषधं मिळाली. ते नंतरचं. तेव्हा आधी म्हैस न उघडता पुरायची होती. खड्डा खोल खणला. चुना टाकला. पण पाय काही खाली येईना. दोघांनी काठ्यांनी दाबला. मग चौघांनी. साईनाथनं मांडीला हात लावून बघितलं, स्नायू लोण्यासारखा मऊ. असा पाय उभा राहूच शकत नाही, हे तो मला शपथेवर सांगायचा. माणसांची पाचावर धारण बसली. कुणी म्हणालं, तसाच ढकला. पुढं व्हायला कुणी तयार नाही.

तेवढ्यात राही बांधावर आली. पोरगी कडेवर. तिनं पायाकडं बघितलं, बराच वेळ बघितलं. मग सगळ्यांच्या देखत संदीपला विचारलं, "भावजी, मी राहू का जाऊ?"

संदीपच्या डोळ्यांतून पाणी आलं. "राहा, वैनी," तो म्हणाला. "तुमचंच घर हाय. पोरगी तुमच्यापाशीच राहील. मी चुकलो."

राहीनं पोरीला खाली ठेवलं. म्हशीजवळ गेली. साईनाथ नको नको म्हणत होता, तरी गेली. त्या वर उभ्या पायाच्या बाजूला, जिथं कुणीच नव्हतं, तिथं तोंड करून हळूच म्हणाली,

"ऐकलंत ना? सोडा आता. हात भरून आला असंल."

पाय खाली आला. धाडकन पडला नाही रे. हळूहळू आला, आणि कुणीतरी जपून टेकवावा तसा भाताच्या धसांवर टेकला.