रंगाचा तिसरा हात

“अहो, रंग सुटतोय! दुधावरची साय निघावी तसा!”

रंगाच्या दुकानात मी जवळजवळ ओरडलेच. दुकानदार फोनवर होता. उत्तर दिलं ते टर्पेंटाइनचा डबा घेऊन शेजारी उभ्या असलेल्या तरुणानं. कोपरापर्यंत रंगाचे शिंतोडे, डोळ्यांत हसू.

“आधी घासलं होतं?”

“कशाला? चांगलं पुसलं होतं की!”

“जुन्या पॉलिशवर तसाच रंग? मग तो धरणार कसा, मॅडम?”

तो घरोघरी जाऊन फर्निचर रंगवायचा. मी त्याला गळच घातली. मी रंगवायला घेतलेलं ड्रेसिंग टेबल आईचं होतं, बाबांनी लग्नानंतर घेतलेलं. बाबा गेले तरी ती रोज तिथेच बसून केस विंचरते. रविवारी ती मावशीकडून परतणार होती, आणि मी निघाले होते तिला खूश करायला!

बुधवारी संध्याकाळी तो आला. दोघंही सँडपेपर घेऊन बसलो.

“हळू... लाकडाच्या रेषेनं घासा. आडवं नको.”

माझी बोटं धरून त्यानं दाखवलं — आणि चटका बसल्यासारखी सोडली. त्या एकाच फळीवर मी उगीचच दहा मिनिटं घासत राहिले.

गुरुवारी रंगाखालचं प्रायमरचं अस्तर. शुक्रवारी रंगाचा पहिला हात, शनिवारी सकाळी दुसरा. टेबल नव्यासारखं दिसायला लागलं. जिवात जीव यायला हवा होता, पण आता हा उद्यापासून येणार नाही, या विचारानं मला काही सुचेना.

“झालं ना?” मी विचारलं.

तो ब्रश पुसत राहिला. “नाही... अजून एक हात लागेल. संध्याकाळी येतो.”

“उद्यापर्यंत वाळेल?”

“वाळेल,” तो म्हणाला. माझ्याकडे न बघता.

नाही वाळला. रविवारी सकाळी तो धावत बघायला आला, आणि पाठोपाठ आईही! तिनं सरळ जाऊन ड्रॉवर ओढला. हलेना. पुन्हा ओढला, तर बोटांना पांढरा रंग.

“ह्यांचं टेबल आहे ते!” तिचा आवाज कापला. “कुणी सांगितलं होतं हे उद्योग करायला?”

“आई, चूक माझी —”

“नाही काकू, माझी.” तो पुढे झाला. कान लालबुंद. “दोन हातांत काम झालं होतं. तिसरा मी उगाच मारला... म्हणजे, उगाच नाही. मला अजून एकदा यायचं होतं.”

आईनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझी मान वर होईना.

“आणि आता?” तिनं विचारलं.

“लाकडाला काही झालेलं नाही. ड्रॉवर सोडवून, कडा घासून पुन्हा रंगवतो. चार दिवस लागतील.”

“चारच?” मी पटकन बोलून गेले.