फलाटावरचा माणूस काय म्हणाला

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या त्या इमारतीला दोन जिने होते. डावीकडच्या जिन्याने वर गेलं की व्हिसाची कागदपत्रं तपासून देणारा एजंट भेटायचा. हरिता आपल्या सवयीने तरातरा उजवीकडच्या जिन्याने वर गेली, आणि तिच्यामागून धापा टाकत तिची मावसबहीण अखिला.

वर अंधार होता. पडदे ओढलेल्या खोलीत वीसेक माणसं खुर्च्यांवर बसली होती आणि समोरच्या पांढऱ्या पडद्यावर बर्फ पडत होता. एक छोटंसं स्टेशन... एक गाडी... फलाटावर एक माणूस आणि डब्याच्या दारात एक मुलगी. माणसाचे ओठ हलत होते, आवाज मात्र येत नव्हता.

पडद्याशेजारी एक उंच तरुण उभा होता. "हा तिला काय म्हणतोय?" त्याने तमिळमध्ये विचारलं. "सांगा बघू."

"जाऊ नकोस," मागून कुणीतरी म्हणालं.

"माझ्यासाठी थांब," दुसऱ्याने सूर लावला.

"स्वेटर घेतलास का?" पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, आणि सगळा वर्ग हसला.

हरिताला राहवलं नाही. खरं तर तिचा या वर्गाशी काही संबंध नव्हता. पण गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. दारातूनच ती म्हणाली, "सगळे त्याला 'जाऊ नकोस'च का म्हणायला लावताय? तिच्या हातात तिकीट आहे, दिसत नाही?"

वीस माना वळल्या. तरुणाने चित्र थांबवलं. "मग तुमच्या मते तो काय म्हणतोय?"

"ते त्याचं त्याने ठरवावं. पण 'जाऊ नकोस' एवढंच म्हणायचं होतं तर फलाटापर्यंत यायचं कशाला? घरीच म्हणायचं होतं, तिकीट काढायच्या आधी."

त्याने तिच्याकडे क्षणभर पाहिलं... आणि एका रिकाम्या खुर्चीकडे हात केला. "बसा."

ती बसली. कॅनडाला जाणाऱ्यांसाठी हा वर्ग चालतो, हे तिला तिथे बसल्यावर कळलं. शिकायला निघालेली मुलं, दोन-तीन नर्स, एक वेल्डर, आणि मुलाकडे राहायला निघालेल्या त्या म्हाताऱ्या बाई. त्यांना सगळे नुसतं पाट्टी म्हणत, म्हणजे आजी. पडद्याशेजारचा तो तरुण म्हणजे त्यांचे सर, भरद्वाज सार; ते त्यांना कॅनडाचे सिनेमे दाखवून कॅनडा शिकवत. हरिताला ऑगस्टअखेर तिकडेच जायचं होतं, पाण्याच्या नियोजनाचं दोन वर्षांचं शिक्षण घ्यायला. म्हणजे जिना चुकला तरी ती पोचली होती योग्य ठिकाणी.

खुर्चीत टेकल्याटेकल्या ती अखिलाच्या कानाशी लागली. हळू बोलायचीही तिला गरज वाटली नाही. "सार बरे दिसतात गे. पण शर्टाचीं बटणें पाहा. एक घर चुकलें आहे. घरीं आरसा नाहीं वाटतें."

आता हे ती मराठीत बोलली, हे सांगायला हवं. तंजावुरातल्या मराठी घरांत मुलं लहानपणापासून एक गोष्ट शिकतात: घरातली भाषा ही बाहेर कुणाला न कळणारी भाषा. बसमध्ये शेजारणीची साडी, बँकेतल्या कारकुनाची मिशी, लग्नातलं बेचव रसम, सगळ्यावर तोंडासमोर बिनधास्त बोलावं. हरिताने आयुष्यभर तेच केलं होतं आणि तिला कुणी कधी पकडलं नव्हतं.

मधली सुट्टी संपून सार परत आले तेव्हा बटणं नीट लागलेली होती. हरिताने ते पाहिलं आणि सोडून दिलं.

*

ती रोज जाऊ लागली. अखिलालाही ओढून नेऊ लागली, कारण टीका ऐकायला कुणीतरी हवंच.

"पुस्तकात प्रांत असतात, राजधान्या असतात," भरद्वाज सांगायचा. "पण दार वाजलं की घरातलं कोण उठतं? गप्प बसलेला माणूस रागावलेला असतो, की तसाच असतो? शेजाऱ्याच्या दारासमोरचा बर्फ कोण काढतं? हे लोक स्वतःला कोण समजतात, ते अशा गोष्टींत दिसतं." मग तो आवाज बंद करून एखादा प्रसंग लावायचा आणि संवाद वर्गाने म्हणायचे. पद्धत छान होती. ती का सुरू झाली हेही हरिताने शोधून काढलं: संस्थेचा स्पीकर बिघडला होता आणि दुरुस्तीचा अर्ज कुठल्यातरी टेबलावर झोपला होता.

"डब्याच्या दारातल्या त्या मुलीचं शेवटचं वाक्य तरी ऐकवा," ती म्हणाली. गाडी सुटताना ती मुलगी वळून एवढंसं काहीतरी बोलते. वर्गाचं त्यावर कधी एकमत झालं नव्हतं.

"शेवटच्या दिवशी. तोवर स्पीकर येईल."

एका सोमवारी ती अखिलाला म्हणाली, "निळा सदरा शोभतो सारांना." बुधवारी सार निळ्यात. शुक्रवारीही निळ्यात. पुढच्या आठवड्यात ती पुटपुटली, "इतकें आस्क, सगळें सगळें विचारितात वर्गांत. पण कॉफीला म्हणून कधीं विचारीत नाहींत." त्या संध्याकाळी भरद्वाज जिन्याखाली उभा.

"समोर कॉफी चांगली मिळते..." तो म्हणाला.

अखिलाने डोळे मोठे केले. हरिताने मात्र मनाशी धरलं की या माणसाला आपलं मन वाचता येतं. प्रेमात पडू लागलेल्या मुलीला असं वाटणं फार सोयीचं असतं, आणि ती प्रेमात पडू लागली होती यात शंका नव्हती.

पितळी पेल्यातली कॉफी तो वाटीत उंचावरून ओतत होता. फेस वाढला. तिने त्याच्या बोटांकडे पाहिलं, त्याने ते पाहिलं, आणि दोघांनी घाईने रस्त्याकडे पाहिलं.

"तुम्ही कॅनडाला गेलाय कधी?"

"नाही."

"मग शिकवता कसे?"

"बघून बघून. तिथल्या एका गावात दुकानाची कुठली पायरी तुटली आहे तेही मला पाठ आहे."

"आणि जावंसं नाही वाटत?"

"अजून कुणी ये म्हटलं नाही," तो हसत म्हणाला.

हरिता हसली नाही. पेल्याच्या कडेवर बोट फिरवत ती म्हणाली, "मला कुणी येऊ नको म्हणत नाही. जाऊ नको मात्र सगळे म्हणतात. मागच्या वर्षी एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता. मला आवडलाही होता... त्याने कॅनडा सोड म्हटलं. मी त्याला सोडलं."

"आणि आता कुणी म्हटलं तर?"

"तर त्यालाही सोडेन."

हे ती ठाम बोलली खरी. पण घरी जाताना कालव्याच्या पुलावर ती थांबली. कावेरीचं पाणी नुकतंच आलं होतं आणि कडेची पोरं त्यात उड्या मारत होती. तिला भीती वाटत होती. हा माणूस एक दिवस बोलेल, आणि बोलेल ते तेच असेल. मग त्याला सोडावं लागेल, आणि या वेळी ते सोपं जाणार नाही.

*

जुलैच्या मध्यावर भरद्वाजने नवा सिनेमा आणला. उसना का होईना, स्पीकरही मिळाला होता. इंग्रजी बोलणाऱ्या गावात राहणारं एक फ्रेंच कुटुंब. आई मुलीला घेऊन दुकानात जाते आणि दुकानदाराच्या टकलाबद्दल मुलीशी फ्रेंचमध्ये बोलते. मुलगी खुदखुदते. दुकानदार शांतपणे सामान बांधतो, पिशवी पुढे करतो... आणि स्वच्छ फ्रेंचमध्ये म्हणतो, "टोपी घालायला हवी, नाही का बाई?"

वर्ग खो-खो हसला. हरिताही हसली. हसता हसता तिने वर पाहिलं. भरद्वाज पडद्याकडे पाहतच नव्हता. तो तिच्याकडे पाहत होता, आणि त्याचा एक हात शर्टाच्या बटणावर होता.

हरिताचं हसू जिथल्या तिथे थिजलं. बटणं... निळा शर्ट... कॉफी... तिचे कान तापले. शेजारी अखिलाने "अय्यो" म्हणून तोंडावर ओढणी घेतली.

"ही आई कोण आहे?" भरद्वाजने वर्गाला विचारलं. "फ्रेंच, की कॅनडियन?"

"फ्रेंच," वेल्डर म्हणाला.

"कॅनडियन," हरिता उभी राहिली. संताप होता, लाज होती, पण उत्तर चुकीचं राहिलेलं तिला चालत नव्हतं. "घरात एक भाषा, रस्त्यावर दुसरी. म्हणून ती निम्मी होत नाही. मी पुण्याला गेले तेव्हा तिथले लोक माझं मराठी ऐकून हसले, कुठल्या तुम्ही म्हणाले. मी तंजावूरची. आमची किती पिढ्यांची माणसं इथेच जगली नि मेली. घरात मराठी बोलते म्हणून मी इथली कमी होत नाही, उलट अशीच मी इथली आहे. ही बाईही तशीच तिथली आहे." मग ती खाली बसली आणि वर्ग संपेपर्यंत त्याच्याकडे तिने पाहिलं नाही.

जिन्यात मात्र तिने त्याला गाठलं. "कधीपासून?"

"बटणांपासून."

"आणि गप्प बसलात?"

"समजतं मला. बोलता येत नाही." तो अजून तमिळमध्येच बोलत होता. "आई इथल्याच गल्लीतली, मराठी. अप्पा पापनाशमचे, तमिळ. आई गेली तेव्हा मी लहान होतो. नंतर घरात ती भाषा बोलायला कुणी उरलंच नाही. मग त्या दिवशी अंधारात तुमचा आवाज आला... मला वाटलं, मी बोललो तर तुम्ही बोलणं थांबवाल."

हरिताचा राग निम्मा तिथेच उतरला. उरलेला तिने नेटाने धरून ठेवला. "तमिळमध्ये तुम्ही फार गोड बोलता, सार. त्याला मी भुलायची नाही. मला काही सांगायचं असेल तर..." ती मराठीवर आली, "माझ्या भाषेंत सांगा. मी जायच्या आधीं सांगा. आणि नीट विचार करून सांगा."

ती खाली उतरली. आपण त्याच्याकडून काय मागितलं ते तिला ठाऊक होतं, आणि काय ऐकू येईल याची धास्तीही तेवढीच होती.

त्यानंतर तो तिच्याशी जेमतेम बोलला. वर्ग संपला की सायकल काढून तो घाईने कुठेतरी निघून जायचा. अखिला म्हणाली, "पळाला वाटतें." हरिताने बॅग भरायला काढली. तिचं जायचं ठरलं होतं ते ठरलंच होतं; फक्त रात्री उशी कुठल्याच कुशीवर नीट लागत नव्हती.

*

शेवटच्या दिवशी टेबलावर नवा कोरा स्पीकर होता. भरद्वाजने निळा शर्ट घातला होता. त्याने दिवे घालवले आणि पुन्हा तेच स्टेशन पडद्यावर आलं... बर्फ, गाडी, फलाट. आवाज बंदच होता.

"आज तुम्हाला विचारत नाही," तो वर्गाला म्हणाला. "आज मी म्हणतो."

फलाटावरच्या माणसाचे ओठ हलले, आणि भरद्वाज बोलू लागला. मराठीत. अडखळत, शब्द शोधत...

"जा. तूं जा. मी अडवायला आलों नाहीं." तो तिच्याकडे वळला. "मज तूं आवडतीस. अंधारांत तुझा आवाज ऐकिला... तेव्हांपासून. घरीं कोणी ही भाषा बोलत नव्हतें. तूं बोललीस. तूं गेलीस तर घर पुन्हां गप्प होईल, तरी जा. शीक. मी थांबतों. आणि... आणि तूं म्हटलेंस तर... मी येईन."

पडद्यावर गाडीला हिसका बसला. वर्गात बहुतेकांना काही कळलं नव्हतं, तरी सगळे पुढे झुकून ऐकत होते. हरिताच्या डोळ्यांसमोर पडदा धूसर झाला होता. ज्या वाक्याला ती इतके दिवस भीत होती ते आलंच नव्हतं.

"अगे, गाडी सुटली कीं," पहिल्या रांगेतून आवाज आला. "बोल आतां."

हरिता दचकली. पाट्टी मान वळवून तिच्याकडे पाहत होत्या.

"पाट्टी... तुम्हांला मराठी..."

"माझें नांव गंगाबाई. बटणांपासून आस्क ऐकितें आहे." त्यांनी भरद्वाजकडे हनुवटी केली. "रोज संध्याकाळीं माझ्या घरीं बसून घोकितो. मी ह्याला 'तुम्ही' शिकविलें होतें. ऐन वेळीं आईशीं बोलायचा तो 'तूं'च आला तोंडांत. असूं दे. तूं बोल."

पडद्यावर डब्याच्या दारातली मुलगी वळली. तिचे ओठ हलले, एवढेसेच. हरिता उभी राहिली. आवाज फुटेल की नाही अशी शंका होती, पण तो चांगला खणखणीत निघाला.

"ये," ती म्हणाली.

गाडी पांढऱ्या बर्फात दिसेनाशी झाली. भरद्वाज निर्विकार चेहऱ्याने उभा राहायचा प्रयत्न करत होता आणि ते त्याला अजिबात जमत नव्हतं. त्याचा हात सवयीने नव्या स्पीकरकडे गेला. "आता... खरं वाक्य ऐकायचं का? ती काय म्हणते ते?"

"नको," हरिता म्हणाली. "बंदच राहूं दे."

मग मात्र वर्गाचा धीर सुटला. नर्स, वेल्डर, पोरं, सगळे एकदम विचारू लागले: काय म्हणाला? कुठल्या भाषेत? आम्हाला सांगा, हे चालणार नाही.

हरिताने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले, त्याच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांना कळेल अशा तमिळमध्ये सांगितलं, "तो म्हणाला, जा. आणि मी म्हटलं, ये."