फिरकीचा तांब्या

कंदील बारीक करा अन् जवळ सरका. ही थाप नाही. मन्मथ आपल्याच आळीतला, त्याच्या तोंडून ऐकलेली.

लातूर जिल्हा होऊन वर्ष झालं होतं. त्र्याऐंशी साल, पोळ्याची आदली रात्र. नव्या कचेरीतलं काम उरकून मन्मथ शेवटच्या एसटीनं फाट्यावर उतरला. फिरकीच्या झाकणाचा तांब्या भरून घेतला, सायकल काढली. गाव नदीपलीकडे अन् घरी बायकोचे दिवस भरलेले. हॉटेलवाला श्रीमंत म्हणाला, "वर लई पाऊस झालाय. नदीवरच्या फरशी पुलावरून पाणी चाललंय. हितंच झोप."

"गुडघाभर असंल. दुष्काळात त्या फरशीची खडी म्याच फोडलीय. दगडन् दगड वळखतो."

साडेअकराला तो नदीवर पोचला. फरशीच्या कडेचे पांढरे दगड अजून दिसत होते. त्यानं पायजमा वर सरकवला. तेवढ्यात आवाज आला. खट्... खट्...

बॅटरी मारली. एक बाई खडी फोडत बसली होती. भर पावसात.

मन्मथच्या मनात पाल चुकचुकली. वाटमारे असंच बाईला पुढं बसवतात. माणूस थांबला की बाभळीआडून चौघं निघतात. बाभळींवर नजर ठेवूनच त्यानं विचारलं, "कोण हाय?"

"पाणी हाय का जरा? घशाला कोरड पडलीय."

समोर नदी दुथडी भरून चाललेली, अन् ही पाणी मागते! संशय पक्का झाला. पण तहानलेल्याला नाही म्हणू नये, ही आईची शिकवण. त्यानं लांबूनच तांब्या रस्त्यावर ठेवला अन् सायकल पुढं ढकलली.

"जाऊ नको."

"का?"

खट्... थांबलं.

"मन्मथ... पाण्याची गाडी आली का रं?"

सायकल थांबवून त्यानं मागं बघितलं. हा आवाज... गुणाबाईचा. बहात्तरला याच कामावर पाण्याची गाडी आली नाही, म्हणून उन्हात गेलेली. तिला यानंच खांदा दिलेला.

कडाड्...

फरशी मधोमध गेली. पांढरे दगड... एकेक करून... दिसेनासे झाले.

सायकल टाकून तो फाट्याकडे पळत सुटला. पूर ओसरून घरी पोचायला तीन दिवस लागले, तोवर लेक झाली होती. तिला मांडीवर घेऊन लई रडला.

पण फरशी गेली त्याच्या दुसऱ्याच सकाळी श्रीमंतला घेऊन तो नदीवर गेला होता. तांब्या जागेवरच होता, फिरकी गच्च बसलेली. श्रीमंतनं दोन्ही हातांनी ती उघडली.

आत पाण्याचा थेंब नव्हता. तळाशी धूळ होती. कोरडी...

अन् हाताला चटका बसावा इतकी गरम.